तिरकी रेघ

गंगाधर : तेवढं एक चित्र काढा बाई भिंतीवरनं. बाकीच्यांची राहू द्या.

फिरदोस : अहो, पण का? बाकीचे पालक यायचेत अजून. निवांत बघा तरी.

गंगाधर : बघितलं की. अख्ख्या पहिलीनं छपराखाली आई काढली, रिक्षात बाप काढला. त्रिकोण, गोल, समदं झ्याक. आन आमच्या शिवलीलाची एवढ्या मोठ्या कागदावर एकच रेघ. ती पण वाकडी.

फिरदोस : वाकडी नाही, तिरकी. खाली तो छोटा गोल दिसतो ना? ते तुम्ही. मीच सांगितलं होतं, घरातलं एक माणूस काढा, फक्त रेघा आणि आकार वापरून.

गंगाधर : मी हाय, म्हणून तर काढा म्हंतो.

फिरदोस : मला कळलं नाही, गंगाधरभाऊ.

गंगाधर : तुमी यंदाच आलाय शाळंत. मागच्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रंत, देवाच्या मिरवणुकीत, नंदीध्वजाची काठी माझ्याकडं व्हती. पांढरी बाराबंदी घालायची, आन एवढी उंच काठी कमरंच्या पट्ट्यावर एकट्यानं पेलत चालायचं. आज्यानं पेलली, वडलांनी पेलली. माझ्याकडं आली आन कलली. चौघं धावली, तवा सावरली. सगळ्या गल्लीनं बघितलं.

फिरदोस : पडली नाही ना पण?

गंगाधर : न्हाय. पर कलली की! यंदा सरावाला बी गेलो न्हाय. काठीला हात लावायची लाज वाटती. आन पोरीनं नेमकं तेच काढून समद्यांम्होरं टांगलं.

फिरदोस : मग आधी तिलाच विचारू. शिवलीला, ये गं इकडं. आप्पांना सांग, ही कुठली रेघ?

शिवलीला : तिरकी.

गंगाधर : उभी का न्हाय काढलीस? येत न्हाय व्हय तुला?

शिवलीला : येती की! पण उभी रेघ थांबलेली असती. आडवी झोपलेली असती. तिरकी चाललेली असती. बाईंनी आमाला मैदानात पळवलं, तवा आमी समदी पुढं वाकलो.

फिरदोस : एक पोर ताठ पळेल तर शपथ.

शिवलीला : तुमी काठी घेऊन चालत व्हता की, आप्पा. थांबला कुटं व्हता?

गंगाधर : आगं, ती पडाय लागली व्हती.

शिवलीला : न्हाय. पडल्यावर आडवी काढायची असती.

फिरदोस : ऐकलंत? फळ्यावर मी नमुना म्हणून घर काढलं, रिक्षा काढली. सगळी पोरं तेच बघून काढत बसली. हिनं एकटीनं फळ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. मी शिकवलेलं कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं वापरलं, याचा मला इतका अभिमान वाटला की मुद्दाम मधोमध लावलं. आता तुम्हीच सांगा, काढू का?

(गंगाधर चित्राजवळ जातो. रेघेवरून खालच्या गोलापर्यंत बोट फिरवतो.)

शिवलीला : आप्पा, आवडली न्हाय का?

गंगाधर : कोपरा सुटलाय हितं. बाई, चिकटपट्टी हाय का?

फिरदोस : ही घ्या.

शिवलीला : नीट दाबा, आप्पा. पडंल.

गंगाधर : न्हाय पडत. आन घरी गेल्यावर तुझ्या आईला सांग, आप्पाची बाराबंदी पेटीतनं काढून धुवायला टाक म्हणावं.