टुंग वाजलं की बटण

कॉलेजात कानांवरचं संशोधन चाललं होतं. तपासणीला आलेल्या निवृत्त शिक्षिकाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोन आजोबा बोलत होते.

“आत करतात काय?”

“हेडफोन लावतात. टुंग वाजलं की बटण दाबायचं. मी सहाव्यांदा आलोय.”

“एवढे कान गेलेत?”

“छे हो! टाचणी पडली तरी ऐकू येते.”

“मग?”

“सगळं ऐकू येणाऱ्याला परत बोलवत नाहीत. मी मधले दोन-तीन टुंग सोडून देतो. ती तपासणारी पोरगी विचारते हो, जेवलात का, झोप लागली का.”

“पेपरात आलंय यांचं संशोधन. आपल्या वयाचे कान झपाट्यानं जातात म्हणे.”

“हो ना. वाचून मलाही धक्काच बसला.”

बाईंचं नाव पुकारलं.

“आजी, सोबत कोण आलंय?” हेडफोन लावता लावता पोरीनं विचारलं.

“कोणी नाही गं.”

पहिलाच टुंग खणखणीत वाजला. बाईंनी बटणावरून अंगठा अलगद काढून घेतला.