आमचा पार

मांजरसुंब्याला ड्रायव्हर चहाला उतरला, पुतणीला परत न्यायला चुलता बसमध्ये चढला आणि नीलाबाईच्या पुढच्या सीटवर दोघांची जुंपली. नीलाबाईनं डोळे मिटून घेतले, कान मात्र उघडे ठेवले.

“रुद्राणी, गुमान उतर. अकराला पाव्हणे तुला बघायला येणार हायत.”

“बीडला जाऊन येते, काका.”

“दर रविवारी त्या इंटरनेटच्या दुकानात काय ठेवलंय?”

“माझ्या होस्टेलच्या मैत्रिणी हायत. अमेरिकेत कावेरी जेवून बसलेली असते, दुबईत पौर्णिमा ड्युटीला निघायची असते. सकाळी आठलाच दोघी एकदम सापडतात.”

“आन बोलता काय एवढं?”

“तुमी दिवसभर पारावर बसून काय बोलता? तेच.”

“बाप्या माणसाची गोष्ट येगळी.”

“म्हणून तर आमी आमचा पार येगळा केला. तिथनं आमाला कुणी उठवत न्हाई.”

“लई शिकलीस. पाव्हणे येऊन बसले तर काय सांगू त्यांना?”

“पोरगी पारावर गेलीय, बसा, येईल म्हणा. तुमच्यापायी काकू जल्मभर तेच सांगत आलीय.”

ड्रायव्हर येऊन बसला. चुलता एकटाच खाली उतरला. बस हलली, तेव्हा नीलाबाईनं डोळे उघडले.