फोटोत न दिसलेली सवत

आमचं गाव खजुरी. बापाचं थोडं कोरडवाहू रान, तूर आन् जवारी व्हायची त्याच्यात. आम्ही दोघीच बहिणी, मी थोरली भागीरथी आन् माझ्या पाठची सुमित्रा, भाऊ न्हाई. मला आळंदला दिलं. मालक लवकर गेले, तवापास्नं मी डाळमिलीत डाळ निवडायला जाते. माझं काय, माझं सरळ हाय, पण तुम्ही विचारायलाव ते सुमीचं, तर तिचंच सांगते, मधी कुठं भरकटले तर अडवा मला.

सुमीला दिलं चिटगुप्प्याला. कापडाचं दुकान, दुमजली घर, पर नवरा बिजवर. पहिली बायको आडात पडून गेली होती, पाय घसरला म्हणायचे, खरं खोटं देवाला ठाऊक. आता दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात आमच्याकडं सवतीचा टाक बांधत्यात. चांदीचा बारका पत्रा, त्याच्यावर बाई उठवलेली, ती म्हणजे मेलेली सवत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला, ताटातला पहिला घास तिच्या नावानं बाजूला. मेली ती, पर मान तिचा पहिला. सुमी हसायची, म्हणायची अक्का, मी माझ्याच घरात पाव्हणी हाय बघ.

मग तिला पोरगी झाली, मंजू. पोरगी रांगायला लागली आन् सुमीला आवाज यायला लागला. भाकरी थापता थापता थांबायची आन् व्हय, उठते, उठते म्हणायची. कोण म्हणतंय गं उठ? तर म्हणायची ती, गळ्यातली, म्हणायलीय माझ्या जाग्यावरनं ऊठ. आन् खरंच उठायची हो, ताटावरनं उठायची, अंथरुणावरनं उठायची, पोरीला पाजता पाजता उठायची. वाळून कोळ झाली. दत्ताच्या ठाण्याला नेलं, तिथं बाया खांबाला धरून घुमत्यात, किंचाळत्यात, ही आपली गुमान बसली. म्हणाली अक्का, ह्यांचा लई गलका हाय, तिचं नीट ऐकू यीना.

काय सांगू तुम्हाला, सासू तिची वाईट न्हवती, पर साफ बोलायची. म्हणाली हे बाहेरचं असलं तर आम्ही करू तिचं काय करायचं ते, पहिलीचंच हाय, आमच्याच घरचं हाय, सुमी न् पोर दोघी इथंच ऱ्हातील. पर डोसक्यातच बिघाड असंल तर येडं माणूस आम्हाला संभाळायचं न्हाई, तुम्ही घिऊन जावा, पोर आमची आमच्यापाशी ऱ्हाईल. आता बघा, माणसं देवाला म्हणत्यात भूत नको म्हणून, आन् मी म्हणत होते देवा, भूतच असू दे.

त्याच वक्ताला आमच्या मिलीच्या मुनीमजीनं सांगितलं, हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात डाक्टर हायती, ते ज्यांना आवाज येत्यात, नायतर जी माणसं उदास होऊन पडून ऱ्हात्यात, त्यांच्या मेंदूचं फोटो काढून अभ्यास करायलेत. पैसा घेत न्हाईत. गेलो. मी, सुमी आन् तिचा नवरा. डाक्टर तेलगू, आमच्यासंगं उर्दूत बोलायचे, लई सबुरीनं. म्हणाले आम्हाला आजारी माणसाचा फोटो पायजे आन् त्याच रक्ताच्या चांगल्या माणसाचा बी पायजे, लावून बघायला. म्हणजे माझा. मी म्हनले काढा.

नर्सबाईनं सुमीच्या कानातलं, नाकातलं, गळ्यातलं समदं काढून माझ्या हातात दिलं. टाक बी. लग्न झाल्यापास्नं पहिल्यांदा निघाला तो. सुमी आत गेली. गोल भोकाचं मशीन, त्यात डोसकं सरकवत्यात. मी भायर बाकड्यावर, टाक मुठीत. तिच्या अंगावरचा, गरम पायजे होता का न्हाई? गार होता, आडातनं काढल्यावानी. मी मूठ आवळून बसले, तरी त्याला ऊब धरंना.

सुमी भायर आली ती रडतच आली. म्हनले दुखलं का गं? न्हाई म्हणाली, अक्का, आत कुणीच बोललं न्हाई. किती शांत वाटलं. मला परत आत ठेवा म्हणाव. मी म्हनले हे गळ्यात घालूच नको आता. पर नवरा हुबा होता, त्यानं हात पुढं केला आन् तिथल्या तिथं बांधला परत. बांधताना सुमी म्हणाली आली बघ.

दुसऱ्या दिवशी डाक्टरनं आमचं दोघींचं काळं फोटो उजेडाच्या डब्यावर लावलं. सुमीचा नवरा म्हणाला, दिसतंय का काय आत? डाक्टर म्हणाले मेंदूच्या मधी पाण्याची पोकळी असती समद्यांनाच, काही आजारी लोकांत ती जरा मोठी दिसायलीय, हिची बी वाईच मोठी हाय. पर एका फोटोवरनं काहीच ठरवता येत न्हाई, आमचा अभ्यास अजून चालू हाय, कारण ह्या भागीरथीबाईची पोकळी तर तिच्यापेक्षा मोठी हाय आन् ह्या धडधाकट हायत. समदी माझ्याकडं बघायला लागली. मी त्या फोटोकडं बघत ऱ्हायले, माझ्याच डोसक्यातली ती काळी जागा, आन् मनात आलं, हितं कोण ऱ्हायला येणार हाय?

डाक्टर लई बोलले, गोळ्या दिल्या, म्हणाले घरात ठेवा, माया करा, बरी ऱ्हाईल. नवऱ्यानं त्यातलं एवढंच ऐकलं की मोठी हाय. घरी जाऊन आईला सांगितलं फोटोत बिघाड निघाला. खजुरीत आईबाप ऱ्हायले न्हवते, आठवड्याच्या आत सुमी माझ्याच दारात. गळा मोकळा, टाक काढून घेतलेला. मंजू तिकडंच.

गोळ्यांनी म्हणा, टाक निघाल्यानं म्हणा, आवाज कमी झाला. पर सुमी दिवसभर एकच म्हणायची, माझं लेकरू आणा. भाजी चिरता चिरता, कपडे धुता धुता, मोठ्यानं न्हाई, आपली पुटपुटल्यागत, माझं लेकरू आणा, माझं लेकरू आणा. मी कुठनं आणू?

मागल्या उन्हाळ्यात एक कोवळी बाई दारात आली, हातात साडी-चोळी, खणानारळाची पिशवी. म्हणाली मी चिटगुप्प्याची शांता, वारलेल्या सुमित्राबाईचं माहेर हेच का? तिच्या गळ्यात दोन टाक. एक जुना, एक नवा कोरा. सुमीला मेली म्हणून सांगून तिसरी केली होती, आन् जित्या बाईचा टाक घडवून तिच्या गळ्यात बांधला होता! शांता म्हणाली पहिल्या बाई मला कायबी बोलत न्हाईत, पर सुमित्राबाई सारख्या बोलत्यात, माझं लेकरू आणा म्हणत्यात. घरात कुणाला सांगितलं न्हाई, सांगितलं तर मला बी हैदराबादला नेतील. त्यांचं काय मागणं ऱ्हायलंय ते माहेरी विचारावं म्हणून आले.

तेवढ्यात सुमी आतनं पाण्याचा तांब्या घिऊन आली आन् म्हणाली बस की गं बाई, उन्हातनं आलीस. शांताच्या हातातली पिशवी खाली पडली. ह्योच, म्हणाली, ह्योच आवाज. आन् तिनं सुमीचे पाय धरले.

चार दिसांत ती मंजूला घिऊन आली. घरी काय सांगितलं, कसं निभावलं, तिचं तिला ठाऊक. त्या दिवसापास्नं मला काय ऐकू येत न्हाई म्हणून सांगावा आला तिचा. पोरीच्या जातीनं केवढी छाती केली, तिचं भलं व्हावं, तिची कूस उजवावी, मी रोज म्हणते.

आता मंजू शाळंला जाती. सुमी गोळ्या घेती, तिची वेणी घालती. परवा डाक्टरकडं गेलते तर म्हणाले पोरीचा बी फोटो काढून ठेवू, अभ्यासाला उपयोगी पडंल. माणूस चांगलाय, पर मी न्हाई म्हनले. एकदा फोटो बघून माणसाला घरातनं काढलेलं मी बघितलंय. मंजू परसात एकटीच खेळती, खेळता खेळता कुणासंगं तरी बोलती. समदीच लेकरं बोलत्यात, मला कळतंय की. तरी हातातलं काम टाकून मी तिच्यापाशी जाऊन बसते, आन् तिला पलीकडनं कोण काय म्हणतंय, ते कान देऊन ऐकत ऱ्हाते.