पेटा घालणारी

म्हैसूरच्या कुवेंपुनगरहून विद्यापीठाकडे निघालेली बस. पुढच्या सीटवर एक प्राध्यापक आणि त्यांची बायको.

"अहो, आज स्टेजवर तुमच्या विद्यार्थिनीचं, वाणीचं नाव घेणार ना?"

"अय्यो, हळू बोल. पुरस्कार मला दिलाय, अनुसूया."

"रविवारीसुद्धा लॅबमध्ये तीच असायची."

"एकाचं नाव घेतलं की सगळ्यांचं घ्यावं लागतं."

"सगळे कोण? ती एकटीच तर होती."

"तिचा प्रबंध माझ्या सहीसाठी थांबलाय. ती काही बोलायची नाही."

"म्हणून तुमच्या डोक्यावर म्हैसूर पेटा, तो मानाचा फेटा, घालायला तिलाच सांगितलंत?"

"मी कुठं सांगितलं? तिनंच ते काम मागून घेतलं."

"आणि पेटा घातल्यावर या संशोधनाबद्दल माइकवर कोण बोलणार?"

"स्टॉप आला का बघ."

"अहो, कोण?"

"तीच."

"उठा आता. आपला स्टॉप आला."