दादाच्या रोलमधला छत्तिसावा फोटो

नाही, पण मला एक सांगा, मालगाडीला कोणी भेटायला जातं का? पॅसेंजर असेल तर समजू शकतो, मामा येणार असतो, मावशी येणार असते... पण मालगाडी? जिच्यात कोळसा बसलेला असतो, सिमेंट बसलेलं असतं, आणि ते खिडकीतून हातसुद्धा करत नाही, अशा गाडीसाठी पहाटे साडेचारला उठायचं, नदीकाठच्या ओल्या गवतात जाऊन उभं राहायचं, आणि वरून तीन म्हातारी माणसं आपल्याला दरडावणार, की हलू नकोस. अहो, मी हलत नव्हतो, मी कुडकुडत होतो! आणि नदी मात्र शांत.

तुम्हाला सांगतो, मी टायरच्या दुकानात काम करतो. आठवीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझ्या हाताला पाना कळतो, जॅक कळतो, कॅमेरा कळत नाही. कॅमेऱ्याचा नाद माझ्या दादाला. दादा पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होता. दिवसभर लोकांची खोकी तोलायचा, आणि सकाळी ड्यूटीच्या आधी नदीवर जाऊन पलीकडच्या काठानं जाणाऱ्या मालगाडीचा फोटो काढायचा. तीच नदी, तीच गाडी, तोच दादा. मी म्हणायचो, अरे, एकदा काढलास ना, मग तोच परत परत बघ की. तर म्हणायचा, तुला नाही कळणार. हे त्याचं आवडतं वाक्य. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

अडीच महिन्यांपूर्वी गेला. बूट घालताना. एक घातला, आणि दुसरा... जाऊ दे. वहिनी दुसरा बूट अजून दारातून उचलू देत नाही, आणि मी रोज त्याला अडखळतो. जाऊ दे म्हटलं ना.

तर भानगड अशी झाली. दादाचा कॅमेरा जुना, रोल घालायचा. वहिनीनं कपाटातून काढला तेव्हा वरच्या खिडकीत पस्तीसचा आकडा दिसत होता. छत्तीसचा रोल, म्हणजे एक फोटो शिल्लक. वहिनीला बघायचं होतं त्यात काय आहे ते. साहजिक आहे, शेवटी शेवटी त्यानं काय काय बघितलं ते सगळं त्या डबीत बंद. फोटो स्टुडिओवाला म्हणाला, एक राहिला तर राहू द्या, आत्ता धुवून देतो, काही अडत नाही. पण वहिनी म्हणाली, अर्धवट रोल धुवायला टाकलेला त्याला चालायचा नाही. आणि तिचा आवाज असा झाला, की मी विचार न करता बोलून गेलो, उद्या सकाळी मी काढून आणतो. माझं हे असंच आहे. तोंड पुढं धावतं आणि मी मागून चपला शोधत येतो.

दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो. थंडी होती म्हणून खुंटीवरचं दादाचं नारिंगी जाकीट घातलं. आता टायर पाण्यात बुडवून आम्ही पंक्चर शोधतो, तर पहिला बुडबुडा यायच्या आधी त्या टबातलं पाणी कसं असतं, तशी नदी होती. वारा नाही, काही नाही. पलीकडे रूळ, आणि पाण्यात उलटे रूळ. मी खूष. काठावर एक मोकळी जागा दिसली, तिथं जाऊन उभा राहिलो. तर मागून आवाज, अहो, ती जागा रिकामी नाहीये.

वळून बघतो तर माझ्या मागे, जरा वरच्या अंगाला, तीन म्हातारे. तीन स्टँड, तीन कॅमेरे, तीन थर्मास. एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब, एक दातांचे डॉक्टर, आणि एक बेकरीवाले काका. मी म्हटलं, रिकामीच तर दिसतेय. तर गार्डसाहेब म्हणाले, दिसते, पण नाहीये, ती पार्सलची जागा आहे. दादाला ते पार्सल म्हणायचे! पोस्टातला म्हणून. अडीच महिने ती तिघं त्या गवतावर कोणाला उभं राहू देत नव्हती. मासे धरणारा एकजण गळ घेऊन बसला होता, तर डॉक्टरांनी त्याला म्हणे त्याच्या दाढेबद्दल असं काही सांगितलं की तो परत आलाच नाही. मी म्हटलं, मी पार्सलचा भाऊ. झालं. मग गार्डसाहेबांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, मग तिथंच उभा राहा. नदी मात्र शांत.

इथवर ठीक होतं. पण मी तोंड पुढं धावू दिलं आणि सांगून टाकलं, की एकच फोटो शिल्लक आहे आणि मला येत नाही. अहो, त्या तिघांना काय झालं सांगू... लग्नघरात नवरा हरवल्यावर होतं ना, तसं. गार्डसाहेब म्हणाले, इंजिन त्या खांबाशी आलं की खटका दाबायचा, आधी नाही, नंतर नाही. काका म्हणाले, छे, थांबायचं, पाव फुगतो तशी गाडी चौकटीत भरू द्यायची, घाई केली की मधे कच्चं राहतं. डॉक्टर म्हणाले, कोपरं अंगाला लावा, श्वास धरा, काही होणार नाही. तुम्हाला सांगतो, दातांचा डॉक्टर जेव्हा काही होणार नाही म्हणतो, तेव्हा माणूस खुर्चीचे हात घट्ट धरतो. मी कॅमेरा धरला. एकानं कॅमेऱ्याची चकती डावीकडे फिरवली, दुसऱ्यानं उजवीकडे, तिसऱ्यानं काच पुसली, पहिल्यानं ती पुसलेली काच परत पुसली. दोन नट घट्ट करायला आमच्या दुकानात एवढी माणसं लागत नाहीत.

आणि मग बदक आलं. एकच. सात वाजायला पाच मिनिटं, गाडी सातला, आणि हे बदक नदीच्या बरोबर मधून एक रेघ मारत निघालं. उलटे रूळ सगळे लटपटायला लागले. गार्डसाहेबांनी शिट्टी मारली. बदकाला काय त्याचं, ते काय रेल्वेत होतं? काका म्हणाले, थांबा, ते माझ्याकडे लागलं. पिशवीतून कालचा पाव काढला, आणि बदक बाजूला जावं म्हणून लांब खाली फेकला. बदक गेलं, खरं आहे, गेलं. आणि पलीकडच्या झुडपातून आणखी वीस आली. वीस! काय ती खळबळ, काय ते पंख, काय तो आरडाओरडा... डॉक्टर काकांना म्हणाले, तरी मी तुम्हाला गोड बंद करा म्हणत होतो. काका म्हणाले, हा गोड पाव नाही. आणि त्या दोघांचं त्यावरून जुंपलं. मी हातात दादाचा कॅमेरा धरून उभा, डोळ्यांसमोर वहिनीचं तोंड, आणि पाण्यात नुसतं बदकच बदक. तेव्हा एकदाच नदी शांत नव्हती.

पण नशीब बघा, पाव संपला. बदकं गेली. सातला एक मिनिट असताना पाणी परत टबातल्यासारखं झालं, आणि लांबून ती आली. मालगाडी. मी आयुष्यात हजार बघितल्या असतील, फाटकाशी उभं राहून शिव्या देत. पण अशी नाही बघितली. वर एक गाडी, खाली एक गाडी, टाकीचे डबे टाकीच्या डब्यांवर उलटे चालताहेत, आणि दोन्ही गाड्यांना एकच चाकं. मला कळलं. दादा म्हणायचा ना, तुला नाही कळणार, तर मला कळलं रे, आणि सांगायला तू... असो. मी डोळा लावला. कोपरं अंगाला. श्वास धरला. खांब दिसतोय. गाडी चौकटीत फुगतेय. तिघांचंही ऐकलं मी, तुम्हाला सांगतो, तिघांचंही.

आणि ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. दोन छोटे, एक लांब.

मला वाटलं, मेलो. भोंगा कशासाठी वाजवतात, माणूस रुळावर असला तर ना? मला वाटलं तिघांतलं कोणीतरी मरतंय, रूळ नदीपलीकडे आहेत हे तेव्हा सुचतंय कुठं. मी गर्रकन मागे वळलो, कॅमेरा तसाच डोळ्याला, बोट तसंच खटक्यावर...

खट्.

मागे तिघंही धडधाकट उभी होती. पण कॅमेरे सोडून. तिघांनी हात वर केलेले, आणि तिघंही रडत होती. मी म्हटलं, काय झालं? मालगाडी चालली होती, चालली होती, पन्नास डबे, ती काय लवकर संपते? शेवटचा डबा गेल्यावर काका म्हणाले, "त्याला वाटलं, तुझा दादा आला."

तर ते असं होतं. तो ड्रायव्हर नारिंगी जाकीट दिसलं की रोज भोंगा द्यायचा, आणि बाकीचे फोटोत गुंतलेले, म्हणून आपला एक खटका मारून हात वर करायचं काम दादाचं. अडीच महिने जाकीट नाही, भोंगा नाही. त्या दिवशी दोन्ही आलं, आणि उत्तर द्यायला दादा नाही. मग त्या तिघांनी दिलं. चार कॅमेरे, एक गाडी, आणि गाडीचे फोटो किती? शून्य. वरच्या खिडकीत छत्तीस. मी गवतात बसकण मारली आणि लहान पोरासारखा भोकाड पसरून रडलो. डॉक्टरांनी थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाले, चूळ भरा. सवय, दुसरं काय. नदी मात्र शांत.

घरी येऊन वहिनीला सगळं खरं सांगितलं, खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. रोल धुवून आणला, दोघांनी टेबलावर मांडला. पस्तीस मालगाड्या. वहिनीचा एक नाही, माझा तर नाहीच नाही. आणि पस्तीसच्या पस्तीस तिरक्या! ती जागाच उतरती, डावा पाय खाली राहतो, त्यामुळे दादाची प्रत्येक गाडी चढावर निघालेली, आणि नदी एका बाजूनं सांडत चाललेली. इतकी वर्षं पहाटे उठून! वहिनी बघत राहिली, बघत राहिली, आणि हसायला लागली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, "भिंतीवरची घड्याळंसुद्धा अशीच लावायचा." मग हसता हसता जे व्हायचं ते झालं, मी पाणी आणायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

बाहेर आलो तर तिच्या हातात छत्तिसावा होता. तीन म्हातारे, हात वर, डोळे पुसताहेत, आणि तिघंही चढावर. म्हणाली, तुझ्या दादासाठी हात वर करताहेत ना ही सगळी? मग हाच मोठा करून आण.

आणला. काचेची चौकट केली, दिवाणखान्यात लावला, सरळ. आता भेटायला माणसं येतात, फोटोसमोर उभी राहतात, मान खाली घालतात, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, यातले गेले ते कोणते? मी सांगतो, यातलं कोणीच गेलेलं नाही, हे तिघं अजून आहेत. त्यांना पटत नाही. परवा डॉक्टर स्वतः चहाला आले आणि त्याच फोटोखाली बसले होते. आमची आत्या आत आली, फोटो बघितला, खाली डॉक्टरांना बघितलं, आणि डॉक्टरांचा हात हातात घेऊन म्हणाली, तुमचे बंधू का हो? अगदी तुमच्यासारखेच होते. आणि डॉक्टर, एवढा शिकलेला माणूस, मान हलवून म्हणतो कसा, "हो, फार चांगला होता."