मंदाबाईची वाटी

नाई वो पोरी, मले काई नाई झालं — टाक तुह्या मोबाईलात, सत्यभामाबाई मस्त आहे म्हनून. झोप? लागते ना. पहाटेच डोळा उघडते, तं उघडू दे, त्याले मी काय करू. मन लागते काय? आता हा काय सवाल झाला! घर पाय ना — स्लॅबचं, टाईलचं, नळ दाराशी. जुनं गाव धरनात गेलं तेव्हा रडलो आम्ही, पन घर पक्कं भेटलं, खोटं कायले बोलू. तू दवाखान्यातून म्हाताऱ्यायची विचारपूस कराले आली ना मनाली, तं मले सोड अन् त्या टोकाले मंदाबाईकडे जाय. गेल्ती? मंग पाह्यलंच असन. भितीकडे तोंड करून पडली राहते, जेवत नाई, बोलत नाई — दूधवाला भैय्यालाल सांगत होता.

मंदा म्हंजे माही शेजारीन वो, जुन्या गावातली. आमची भित एकच होती. मी लाटन्यानं ठोकली का तिकडून ती ठोके — मंग कवाडातून वाटी येई. कधी पोपटाच्या शेंगाची भाजी, कधी अंबाडी, मीठ नेहमी जास्त, पन तिले सांगते कोन! अन् आमच्यात वाटी रिकामी परत देत नाई — तिची वाटी आली का माही भाजी भरूनच गेली पाहिजे. भांडन झालं तरी वाटी चालूच. तोंड फुगवून घेऊ, पन घेऊ.

इथं चिठ्ठ्या काढून प्लाट वाटले ना बाप्पा. माही चिठ्ठी या टोकाची, तिची त्या टोकाची. मधात हा रस्ता — एवढा रुंद, ना झाड, ना ओटा, टेकाले काई नाई. कवाडं सारी बंद, कोन कुठचा पत्ता नाई. पहिल्याच दिवशी मी सवयीनं लाटन्यानं भित ठोकली — पलीकडे पडीक जागा, गवत! हासलीच मी. आता बी ठोकते कधी कधी. कधी कधी म्हंजे... रोजच म्हन. स्वयंपाक करता करता हात जाते, त्यात काय.

काहून नाई गेली? गेल्ती ना, एक दिवस निघाली. पान्याच्या टाकीपर्यंत गेली, गुडघे बोलाले लागले, बसाले जागा नाई, अन् लोक कवाडातून पाहून राहिले — म्हनत असतीन, म्हातारी वाटी घेऊन मागाले निघाली. लाज वाटली मले. आली परत. भाजी मीच खाल्ली.

ते वाटी? ते काय, फळीवर. वाच, नाव कोरलं आहे — मंदाबाई कवडू. गाव सोडलं त्या दिवशी तिनं वरन भरून देल्लं होतं. म्हंजे पाळी माही आहे, माहीत आहे मले. म्हनून रोज भरते, चांगली भाजी झाली का, झाकून ठेवते, म्हंते उन्हं उतरली का जाईन. रात्री मीच खाते, मंग धुऊन ठेवते. चव लागत नाई हे खरं. झोपेचं बी मघा खोटंच बोलली मी, ते खोड मोबाईलातून.

काय म्हने? मंदा बोलली? तुह्याशी? काय बोलली?

...सत्यभामीले चांगली शेजारीन भेटली असन, असं बोलली?

हट्. अन् तू हे आता सांगून राहिली, एवढा वेळ झोप लागते काय, मन लागते काय! मले शेजारीन? या गवतात? अन् मंदा तिकडे हेच मनात घेऊन भितीकडे तोंड करून पडली! ऊठ. ते चप्पल सरकव इकडे. भाजी गरम आहे अजून, मेथी आहे, मीठ मुद्दाम जास्त टाकते तिच्यासाठी. हे खुर्ची तू घे, प्लास्टिकची आहे, हलकी आहे — टाकीपाशी ठेवजो, मी टेकीन. लोक पाह्यतीन तं पाहू दे.

वाटी नको धरू, मी धरते. चाल.