मऊ पट्टा

बसच्या रांगेत माझ्यापुढे कापडगिरणीतल्या दोघी होत्या.

"मावशी, गेल्या महिन्यात ते पट्ट्यांचं कापड एन्झाइममधून काढलं नि गार पाण्यानंच धुतलं मी. बॉयलर बंद होता."

"अगं बाई! उकळतं पाणी लागल्याशिवाय एन्झाइम मरत नाही. पॉलिस्टर कुरतडतच राहतं ते."

"हाताला मऊ लागलं, म्हटलं झालं काम."

"मऊ होण्यापुरतंच वरवर कुरतडू द्यायचं असतं. वाळवलंस तरी?"

"गाडी दारात उभी होती. ओलंच बांधलं."

"कसले पट्टे होणार होते त्याचे?"

"झालेसुद्धा. उंच इमारती रंगवणारे कमरेला बांधतात, ते."

"तुझा दीर रंगारीच ना? फोन लाव आधी!"

"हा लावला. उचलत नाहीत."

"घाबरू नकोस. त्यांचा पट्टा जुना असेल."

"सकाळीच दाखवला, मावशी. म्हणाले, वहिनी, जुना काचायचा. हा बघा कसा मऊसूत आहे."